वहीची मागची पानं

आत्या, सकाळपासून चौथ्यांदा तुझी वही उघडली आणि मिटली. एका जागी बसवत नाही. उठते, माठातलं पाणी पिते, गॅलरीत जाते, परत येते. आई म्हणाली, "अगं, बस ना जरा, तुझ्याकडे बघून मलाच गरगरायला लागलं."  परवापासून बाबा ओझरला ड्यूटीवर जायला लागले. बसची वेळ झाली की डबा उचलतात. पूर्वी निघताना म्हणायचे, "शनिवारी ताईकडे जाणार ना? गुलाबाच्या चार काड्या मागून आण." आता त्या वाक्याच्या जागी आले की दारात थोडे थांबतात, मग बूट घालतात.

अठरा दिवस झाले. लोक तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलले. तुझे मालक, आमचे मामा, गेल्यावर मळा एकटीनं कसा सांभाळला, दारातून कुणाला फुलाशिवाय कसं जाऊ दिलं नाही, सगळं बोलून झालं. सगळं खरंच आहे, म्हणून ते मी पुन्हा लिहीत नाही. मला दुसरंच काही सांगायचं आहे, आणि ते पहिल्यांदा तुलाच सांगायला हवं होतं.

तुझ्याकडे मला बोलावं लागायचं नाही, हे मी तुला कधी सांगितलं का? शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी शहर बसनं मखमलाबादला यायचे. तू शेडमध्ये फुलांच्या ढिगापुढं पाय पसरून बसलेली असायचीस. घरी पाहुणे आले की "बोल की काहीतरी" म्हणून सगळे मागं लागायचे. तू नुसतं शेवंतीचं सूप माझ्याकडे सरकवायचीस. दोन फुलं, एक गाठ, दोन फुलं, एक गाठ. मी मनातल्या मनात इंग्रजीत मोजायचे. एकदा ते ओठांवर आलं.

"फॉर्टी नाइन म्हंजे किती गं?"

मला सांगता येईना. तू इतकी हसलीस की मांडीवरची फुलं सांडली. "अगं मॅडम, एकोणपन्नास! एवढ्या मोठ्या शाळेत घातलं तुला, अन् पन्नासाच्या एक अलीकडं येता येईना?"

त्या दिवसापासून मी तुझ्या हारांवर मराठी आकडे शिकले. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत अजूनही अडखळते. अडखळले की तू हातातली गाठ थांबवून वाट बघायचीस. कधी सांगून टाकलं नाहीस. माझं मला सापडेपर्यंत थांबायचीस. इतकं थांबणारं माणूस मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

मी सातवीत होते तेव्हा तुझे गुडघे गेले. वाफ्यात खाली बसलीस की उठताना हात टेकावे लागायचे, मग दोन्ही हात टेकूनही उठता येईना. तरी दर पौर्णिमेला गल्लीतल्या बायकांबरोबर वणीला जायचीसच. पायऱ्या होत नव्हत्या, म्हणून खालूनच कळसाला हात जोडायचीस. तिथून परतताना एका फाट्यावर कुणी म्हातारा पुड्या देतो असं कळलं. वर्तमानपत्राच्या चौकोनी कागदात घडी घातलेली फिकट तपकिरी पूड, रोज सकाळी एक. आठवड्याभरात तू मला मळ्यात बोलावलंस. "बघ हां." खाली बसलीस आणि हात न टेकता उठलीस. पुन्हा बसलीस, पुन्हा उठलीस. मी टाळ्या वाजवल्या. आत्या, त्या पुडीसाठी मी टाळ्या वाजवल्यात.

त्या पुड्या तू देवघरात ठेवायचीस, अंगाऱ्याच्या डबीशेजारी. आंघोळ झाली की अंगारा कपाळाला आणि पुडी जिभेवर. ते मी इतक्या वेळा पाहिलं होतं की ते दिसेनासंच झालं. देवापुढचा दिवा जसा औषधांच्या यादीत येत नाही, तशी ती पुडीही कधी यादीत आली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे का?" तू म्हणालीस, "नाय बा." मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. मलाही ते उत्तर बरोबर वाटलं.

मग तू जाड व्हायला लागलीस. सगळीकडून नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. चेहरा गोल झाला, गाल लाल. पोट पुढं आलं, मानेमागं मांसाचा उंचवटा आला. पण हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जायच्या, पिंढऱ्या काड्यांसारख्या झाल्या होत्या. गुलाबाचा काटा नुसता घासला तरी हातावर जांभळा डाग उठायचा आणि तो महिनाभर जायचा नाही. शेजारच्या कमलमावशी म्हणायच्या, "सिंधूबाई, मळा पिकतोय तो समदा तुमच्याच अंगावर दिसतोय!" तू हसायचीस. मग आत जाऊन ब्लाउजची शिलाई उसवत बसायचीस. शुगर निघाली, मग बीपी निघालं. डॉक्टर दर वेळी एकच सांगायचे, कमी खा आणि चाला. दिवसभर मळ्यात वाकणाऱ्या बाईला चाला म्हणायचे.

आणि मग मी आहारशास्त्राला गेले.

किती उत्साहात होते मी. पहिल्याच वर्षी निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली, तक्ते आखले. वेळ, पदार्थ, प्रमाण, उष्मांक. दर शनिवारी तुझी उलटतपासणी.

"सकाळी?"

"चहा. तुझ्या हुकमानं बिनसाखरेचा."

"भाकरी किती?"

"अर्धी."

"अर्धीच? आत्या, अर्धी भाकरी खाऊन दोन किलो वजन वाढत नाही."

"मग मी काय करू गं? नाय खाल्लं तर नायच म्हणणार ना?"

"प्रसाद? पेढे? कुणाच्या घरी काही?"

"देवाशप्पथ नाय."

मला हिशेब जुळायला हवा होता. पुस्तकात लिहिलं होतं, जितकं आत जाईल तितकं दिसेल. तुझं दिसत होतं, म्हणजे आत जात होतं. मी चिडून त्या ओळीपुढं इंग्रजीत दोन शब्द लिहिले, त्यांचा अर्थ, ही खोटं बोलते. तुला इंग्रजी वाचता येत नाही हे मला माहीत होतं. त्याचा मी फायदा घेतला. तू विचारलंस, "काय लिहिलंस गं माझ्यावर?" मी म्हटलं, "काही नाही, वजन लिहिलं."

वही मात्र तुझ्याचकडे ठेवून आले. तू रोज वजन लिहून ठेवावंस म्हणून.

आपला एक वाद अर्धाच राहिला. एकदा गाठी मारता मारता तू म्हणालीस, "काळजीनं माणूस वाळतं म्हणतात. माझं बघ, उलटंच. काळजीनं फुगले मी." मी हसले. म्हटलं, "काळजीत कॅलरी नसतात आत्या." तू म्हणालीस, "तुझ्या पुस्तकात नसतील." आणि दोरा तोडलास. मामा गेल्यावर वर्षभरात तू थोडी भरलीस हे मला आठवतं, पुडीच्याही कितीतरी आधी. दिरानं विहिरीची वाट अडवली होती, मोटार सुरू करायला तू कुणाच्या तरी बांधावरून फिरून जायचीस, आणि घरी येऊन गुळाचा खडा तोंडात टाकायचीस. तेव्हा मी लहान होते. मला तो गूळ आठवतो, तुझा चेहरा आठवत नाही.

आता वाचते आहे. गेले दहा दिवस कॉलेजच्या लायब्ररीत तेच काढून वाचते आहे, आणि तू जिंकलीस. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट आलं की त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. ते रक्तात साखर चढवतं, म्हणजे पळायला किंवा लढायला बळ मिळावं. संकट टळलं की ते उतरतं. पण विहिरीची वाट बारा वर्षं अडलेली राहिली तर? मग ते उतरायला मागत नाही. हातापायांचं मांस झिजवतं आणि पोटावर चरबी चढवतं. गोड खावंसं वाटायला लावतं, झोप मोडतं, बीपी वाढवतं. आणि ज्या वाक्यावर मी पेन ठेवून कितीतरी वेळ बसले, ते हे: वापरून झालेलं संप्रेरक शरीर निजवून ठेवतं, पण चरबीच्या पेशी त्याला पुन्हा जागं करतात. म्हणजे एकदा चढलेली चरबी स्वतःच स्वतःला खाऊ घालत राहते. अर्ध्या भाकरीवर. तुझ्या काळजीत खरंच काहीतरी होतं, आत्या. किती पुडीचं आणि किती काळजीचं, हे आता कोण सांगणार?

हे सगळं मला आधी कळलं असतं तर, असं म्हणायची सोय नाही. थोडं आधी कळलं होतं. तेच सांगायचं आहे.

या वर्षी पावसाळा संपता संपता वर्गात ग्रंथींचा धडा सुरू झाला. मॅडमनी पडद्यावर एका बाईचं चित्र दाखवलं. डोळ्यांवर काळी पट्टी. गोल चेहरा, मानेमागं उंचवटा, मोठं पोट, बारीक पाय.  ती बाई तू नव्हतीस, पण तूच होतीस. मॅडम म्हणाल्या, शरीरात कॉर्टिसॉल फार झालं की असं होतं. कधी ग्रंथीच जास्त बनवते, आणि कधी ते बाहेरून येतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांतून. गावाकडं पुष्कळदा सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये ते मिसळलेलं असतं.

पुड्या. मला देवघर दिसलं.

तास संपल्यावर मी शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेले. मॅडम डबा खात होत्या, दोघी-तिघी हसत काही बोलत होत्या. मी दारात उभी राहिले. "मॅडम, माझी आत्या अशी दिसते, काय करू?" एवढंच विचारायचं होतं. कुणी वर पाहिलं असतं तर कदाचित विचारलंही असतं. कुणी पाहिलं नाही, आणि मी परत फिरले. तुला माहीत आहे मी कशी आहे. वर्गात मी एकदाही हात वर केलेला नाही. पण आत्या, त्या दारातून मी परत फिरले, ही गोष्ट आता माझ्यापासून सुटत नाही. चालताना, जेवताना, बसमध्ये, मी त्या दारात उभीच असते.

तशीच बसनं तुझ्याकडे आले. तू काकड्याच्या कळ्या निवडत होतीस.

"आत्या, ती पुडी दाखव."

"कोणती? ही होय?" तू उठून आणलीस. "आता हिच्यात काय कॅलरी हाय का?"

"हे औषध आहे. खराब औषध. यानंच तू अशी झालीस. शुगर यानं, बीपी यानं."

तू कागदाची घडी हातात फिरवत राहिलीस. "अगं, पण देवीच्या वाटेवरची हाय. अन् गुडघ्याला लय गुण आला."

"तू खोटं बोलत नव्हतीस," असं तेव्हा म्हणायला हवं होतं. तीन वर्षं मी तुझ्यावर जो संशय घेतला त्याचं उत्तर तुझ्या हातात होतं. पण मी जिंकल्याच्या नादात होते. म्हटलं, "आजपासून बंद. एकदम बंद. माझी शपथ."

"गुडघं दुखंल गं."

"दुखू दे. माझी शपथ आहे ना?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग सगळ्या पुड्या माझ्या ओंजळीत ओतल्यास. "घे. तू म्हणतीस तर नाय घेत." मी त्या उकिरड्यावर टाकून आले आणि हात साबणानं धुतले.

पुढचे दिवस. ते किती आनंदाचे होते, हे लिहिताना लाज वाटते. पहिल्याच शनिवारी वजन उतरलं होतं. शुगर उतरली, बीपी उतरलं. डॉक्टर म्हणाले, "वा! चालायला लागलात वाटतं." मी वहीत ते आकडे लाल पेनानं लिहिले.  मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" तू म्हणालीस, "वाटतंय की." भाकरी ताटात तशीच होती. मला वाटलं, भूक कमी झाली, छान झालं.

पुडीत जे काही होतं ते आठ-नऊ वर्षं बाहेरून येत होतं, म्हणून तुझ्या त्या दोन टोप्यांनी काम करणं कधीच सोडून दिलं होतं. त्या निजल्या होत्या. त्यांना जागं व्हायला महिने लागतात, आणि तोवर बाहेरचं थोडं थोडं कमी करत आणावं लागतं. एकदम काढलं की शरीरात काहीच उरत नाही. मग साधा ताप आला, पोट बिघडलं, तरी माणूस त्या एवढ्याशा संकटाला तोंड देऊ शकत नाही. त्या दिवशी मॅडमनी दाराकडं पाहिलं असतं तर मला हे दोन मिनिटांत कळलं असतं.

बाराव्या दिवशी तुला जुलाब झाले आणि ताप आला. कमलमावशींनी फोन केला. बाबा आणि मी पोहोचलो तेव्हा तू शेडमध्ये फुलांच्या ओल्या गोणपाटाजवळ आडवी होतीस. हात गार. म्हणालीस, "एवढा हार पुरा करून टाका गं, दुपारी न्यायला येतील." दवाखान्यात बीपी लागेना. तरुण डॉक्टर होते. त्यांनी तुझा चेहरा बघितला, पोटावरचे जांभळे चरे बघितले आणि माझ्याकडं वळले.

"यांना स्टेरॉइड चालू होतं?"

"पुडी होती. बंद केली."

"एकदम? कुणी बंद केली?"

बाबा माझ्या शेजारी उभे होते.

"तिनं स्वतःच," मी म्हणाले.

त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, धावपळ केली. दुपारी तू गेलीस. माझ्या उत्तरानं त्यांच्या उपचारात काही फरक पडला नसता, हे मी नंतर विचारून घेतलं. पण त्या खोलीत दोघींपैकी एक खोटं बोलत होती, आणि ती तू नव्हतीस. हे तुला सांगायचं होतं. बाबांना मी परवा सांगितलं. ते कितीतरी वेळ हातातला डबा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझी शपथ म्हणून तिनं ऐकलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं." ते मला समजावत होते की दुसरंच काही म्हणत होते, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

एवढंच असतं तर मी ते गिळून बसले असते. मला येतं ते. पण पुढं झालेलं ऐक.

दहाव्याच्या दिवशी गोदावरीवरून घरी आल्यावर गल्लीतल्या बायका तुझ्या ओसरीवर बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "धडधाकट बाई, अशी कशी गेली?" आणि मी, जी चार माणसांत तोंड उघडत नाही ती, ताडकन बोलले. "त्या फाट्यावरच्या पुडीनं गेली. विष आहे ते."  मला बरं वाटलं, आत्या. दोष त्या म्हाताऱ्यावर ठेवून मोकळी झाले. पुडी बंद कुणी केली, कशी केली, ते मी तिथंही सांगितलं नाही.

चार दिवसांनी तुझं कपाट आवरताना वही सापडली. माझे तक्ते समोरच्या बाजूनं. सहज उलटी केली तर मागच्या बाजूनं तुझं पेन्सिलचं अक्षर, पानामागून पान. ते मी पूर्वी एकदा पाहिलं होतं. चौथीपर्यंतचं तुझं वाकडं, जोडलेलं अक्षर मला पटकन लागत नाही. वाटलं, फुलांचं काहीतरी असेल, आणि मिटून टाकलं होतं. आता बोट ठेवून, एक एक अक्षर लावत वाचलं. पहिलीच ओळ:

"पोरीने पुढे लिहिले आहे की मी खोटे बोलते. कमलच्या सुनेकडून वाचून घेतले. म्हणून खरे ते लिहिते."

आणि त्याखाली रोजचं. "चहा. पुडी. अर्धी भाकर, मेथी. दुपारी ताक." "चहा. पुडी. भाकर पाव. कमलकडे उपासाची खिचडी दोन घास." दोन घासही लिहिलेस. आणि रोज, एकही दिवस न चुकता, पुडी. मी तीन वर्षं जे शोधत होते ते तू दोन वर्षं मला लिहून देत होतीस, माझ्याच वहीत, माझ्याच भाषेत. आणि मी ते वाचलं नाही.

माझ्यावर रागावल्याचं एक अक्षर नाही. मी शोधलं. नाही.

मग एका पानावर आलं: "पौर्णिमा. कमलला आठ पुड्या आणल्या. कंबर." पुढच्या महिन्यात पुन्हा: "कमलला आठ." आणि पुन्हा. दर महिन्याला.

मी वही तशीच उघडी टाकून पळाले. कमलमावशी पडवीत खाटेवर पडल्या होत्या, शेजारी पितळी पातेलं.

"काय झालं मावशी?"

"पित्त झालंय गं. काल धरनं ओकते. उठले की गरगरतं."

"पुडी घेताय ना?"

"छे गं बाई! तू सांगितलंस ना त्या दिवशी, विष हाय म्हणून. तवाच चुलीत घातल्या. चार दिस झाले, हात नाय लावला."

आत्या, मी अर्धं खरं बोलले होते. माझा वाटा लपवून उरलेलं अर्धं बोलले होते, आणि त्या अर्ध्यानं कमलमावशी तुझ्या वाटेवर निघाल्या होत्या.

रिक्षा थांबवली. त्या म्हणत होत्या, "अगं, लिंबू-सरबत घेतलं की बरं वाटंल, कशाला उगी?" मी त्यांचा दंड धरून बसवलं. तोच दवाखाना. तेच डॉक्टर नव्हते, दुसऱ्या बाई होत्या, आणि खिडकीशी मोठी रांग. मी रांगेत उभी राहिले. पुढं सहा माणसं. क्षणभर ते दार पुन्हा समोर आलं, मॅडमचा डबा, त्यांचं हसणं. मग मी रांग सोडली आणि सरळ आत गेले.

"अहो, रांगेत या," कुणीतरी ओरडलं.

"यांना दोन वर्षं स्टेरॉइडची पुडी चालू होती," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता, फार मोठा होता. "चार दिवसांपूर्वी एकदम बंद झाली. माझ्या सांगण्यावरून बंद झाली. माझी आत्या याच महिन्यात अशीच गेली. तिचीही मीच बंद केली होती. यांना आत्ता बघा."

डॉक्टर बाई पेन ठेवून उठल्या. सगळे आमच्याकडं बघत होते, आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

कमलमावशी वाचल्या. तीन दिवसांनी, म्हणजे काल, घरी आल्या. खाटेवर नीट बसल्यावर पहिलं काय म्हणाल्या माहीत आहे? "दवाखान्यात केवढ्यांदा वराडलीस गं! सिंधू असती तर म्हणाली असती, मॅडमला आवाज हाय की." मग पदर डोळ्यांना लावला. "अन् तू बंद केली म्हणून ती गेली, असं काय बोलायचं असतं का चारचौघांत?"

"बोलायचं असतं, मावशी," मी म्हणाले. "आधीच बोलायचं होतं."

 त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आम्ही पण घेतच होतो की. कुणी तरी विचारलं का, काय हाय हे म्हणून?"

डॉक्टरांनी त्यांना गोळी लिहून दिली आहे. रोज सकाळी, न चुकता, आणि मग काही महिन्यांत थोडी थोडी कमी. त्या दोन टोप्या जाग्या होईपर्यंत. मावशी म्हणाल्या, "लक्षात कोण ठेवील बाई? सून तर कामावर जाती." मी म्हटलं, मी येईन. गल्लीत आणखी दोघी पुडी घेतात, हेही मावशींनीच सांगितलं. त्यांच्याकडे आज जाते. उद्यापासून बंद करा असं सांगायला नाही. माझ्याबरोबर दवाखान्यात चला, एवढं सांगायला. म्हणूनच सकाळपासून बसवत नाही.

निघण्याआधी वही पाचव्यांदा उघडली. समोरच्या बाजूचे ते दोन इंग्रजी शब्द खोडावेत म्हणून पेन काढलं होतं. खोडले नाहीत. कुणीतरी तसं लिहिलं होतं, ते राहू दे. मग उलटी केली. पुडी बंद झाल्यापासूनचे तुझे बारा दिवस आहेत, आणि अक्षर रोज थोडं अधिक वाकडं होत गेलेलं. शेवटचं पान मी आता न अडखळता वाचू शकते:

"चहा. भाकर नको वाटली. चक्कर येते. पोरीला सांगू नये, तिची परीक्षा आहे. पुडी नाही."

त्याखाली एक ओळ मोकळी सोडली. सकाळी मावशींना फोन करून विचारलं होतं. मग मराठीत, पेन्सिलनंच, माझ्या न जुळणाऱ्या अक्षरात लिहिलं:

"कमलमावशी. चहा. अर्धी भाकर. गोळी घेतली."